तिकीट आमचे, क्लब कोणाचा? बालेवाडीच्या मैदानाचा हिशेब

'मराठी माणूस फुटबॉलचे तिकीट काढत नाही, म्हणून पुण्याचे क्लब बुडाले.' हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे की आता त्याला दोन ओळींत उत्तर देणे मला जमत नाही. म्हणून हा धागा. थोडा लांब आहे. लँकेशायरच्या गिरण्या, मुंबईच्या गिरण्या, भोसरी-पिंपरीचे कारखाने आणि कोल्हापूरच्या पेठा असा फेरफटका मारून आपल्याला पुन्हा बालेवाडीला यायचे आहे.

मी थेरगावची. आमच्याकडून बालेवाडीचे क्रीडासंकुल तसे जवळ. डांगे चौकातून वाकडला जावे, महामार्गाला लागावे, मुळा ओलांडली की आलेच. रस्ता मोकळा असेल तर अर्धा तासही लागत नाही. पण सामना कामाच्या दिवशी, संध्याकाळी सातचा असेल तर हिंजवडीतून सुटलेली सगळी वाहने त्याच वेळी त्याच रस्त्यावर असतात, आणि मग पहिला गोल आपण वाकडच्या पुलाखाली मोबाइलवर पाहतो. २०१४ ते २०१९ या काळात मी शाळेची शेवटची आणि महाविद्यालयाची पहिली वर्षे काढत होते. एवढ्या वर्षांत मी मैदानात बसून मोजून चार सामने पाहिले. तिकिटाला पैसे नव्हते, अशातला भाग नाही. बाबा चिंचवडच्या एका कारखान्यात. पाळी दर आठवड्याला बदलणारी, साप्ताहिक सुटी गुरुवारी. रात्री मला एकटीला तिकडे जाऊ द्यायला घरचे तयार नव्हते. बाबांची पाळी, माझी परीक्षा आणि सामन्याचा वार अशा तिन्ही गोष्टी चार वेळा जुळल्या, एवढाच त्या चार तिकिटांचा इतिहास.

आता त्या मैदानाचा इतिहास पाहू. बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभे राहिले. २००८ साली तिथे राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा झाल्या. दरम्यान २००७ साली पिरामल उद्योगसमूहाने पुणे एफसी हा क्लब स्थापन केला होता. दुसऱ्या श्रेणीतून वर येऊन हा संघ आय-लीगमध्ये पोचला, २००९-१०च्या पहिल्याच हंगामात तिसरा आला आणि २०१२-१३मध्ये डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली उपविजेता ठरला. २०१४च्या शरद ऋतूत इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि त्याच मैदानावर एफसी पुणे सिटी हा दुसरा क्लब आला. मालकी वाधवान समूहाची, सहमालक म्हणून हृतिक रोशन, परदेशी भागीदार इटलीचा फियोरेंतिना आणि मैदानावर फ्रान्सचा विश्वविजेता डेव्हिड त्रेझेगे. पुढच्याच जानेवारीत कल्याणी समूहाचा भारत एफसी आय-लीगमध्ये उतरला. त्याचेही घर बालेवाडीच. म्हणजे २०१४-१५च्या एका हंगामात एकाच गवतावर तीन व्यावसायिक क्लब! भारतातल्या जाणत्या फुटबॉल शहरांनाही हेवा वाटावा अशी ही स्थिती होती.

त्यापुढचा भाग झपाट्याने सांगता येतो. भारत एफसी एका हंगामानंतर बंद. त्याच २०१५ साली पुणे एफसीचा मुख्य संघही बंद. रिकाम्या जागेत डीएसके शिवाजीयन्स आला, दोन हंगाम खेळला आणि २०१७ नंतर आय-लीगमधून गेला. उरला एफसी पुणे सिटी. २०१७-१८मध्ये तो प्रथमच उपान्त्य फेरीत पोचला. मार्च २०१८मध्ये बंगळूरूविरुद्धची पहिली लढत बालेवाडीवर गोलशून्य राहिली आणि परतीच्या लढतीत सुनील छेत्रीने तीन गोल करून पुण्याचे स्वप्न मोडले. त्यानंतर वर्ष-दीड वर्षात मालक समूह आर्थिक संकटात सापडला, खेळाडूंची देणी थकली आणि ऑगस्ट २०१९मध्ये पुण्याची जागा हैदराबाद एफसी या नव्या क्लबाला गेली.

या यादीत एक गोष्ट नीट पाहावी. यांतला एकही क्लब प्रेक्षक आले नाहीत म्हणून बंद पडलेला नाही. पुणे एफसीच्या सामन्यांना गर्दी बेताची असे, हे खरे. पण एफसी पुणे सिटीचे घरचे सामने बऱ्यापैकी भरत. 'ऑरेंज आर्मी' म्हणवणारी पोरे ढोल-ताशे घेऊन येत आणि नव्वद मिनिटे गळा फाटेस्तोवर ओरडत. ते मी स्वतः पाहिलेले आहे. तरीही क्लब गेला. तेव्हा प्रश्न उलटा विचारायला हवा: लोक आले, तिकिटे काढली, तर त्या तिकिटांचे क्लबाच्या आयुष्यात वजन किती होते?

साधा गुणाकार करू. बालेवाडीच्या फुटबॉल मैदानाची क्षमता सुमारे १२ हजार. प्रत्येक खुर्ची विकली गेली आणि तिकिटामागे सरासरी २०० रुपये हाती आले, असे धरून चला. (दर हिशेबापुरता धरला आहे, आपण हवा तो घालून पाहावा.) एका सामन्याचे झाले २४ लाख रुपये. २०१७-१८मध्ये साखळीतले घरचे सामने नऊ. म्हणजे हंगामाचे २ कोटी १६ लाख. त्या काळात लीगने एका संघाच्या खेळाडूंच्या वेतनावर घातलेली मर्यादाच १६ कोटींच्या वर होती. प्रशिक्षक, प्रवास, हॉटेल, मैदानाचे भाडे आणि दरवर्षीचे फ्रँचायझी शुल्क वेगळे. तिकीट दुप्पट महाग करून एकही खुर्ची रिकामी राहिली नाही, अशी अशक्य कल्पना केली तरी हाती येतात ४ कोटी ३२ लाख. आणि सगळ्यांना फुकट आत सोडले असते तरी मालकाच्या ताळेबंदाला फारसा ओरखडा उठला नसता. तिकीट महाग होते की स्वस्त, हा वाद त्या मैदानापुरता जवळजवळ निरर्थक ठरतो तो यामुळे.

फुटबॉल हा खेळ मुळात असा उभा राहिला नव्हता. तो अक्षरशः दारावर जमणाऱ्या नाण्यांवर उभा राहिला.

इंग्लंडमध्ये १८५०च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया आणि किशोरवयीन कामगारांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबवले. त्यांच्यावाचून गिरणी चालत नसल्याने पुरुषांचीही सुटका झाली आणि हळूहळू इतर धंद्यांतही शनिवारची अर्धी सुटी रुजली. रविवार चर्चचा, त्या दिवशी खेळ निषिद्ध. म्हणून शनिवारची दुपार ही मजुराची खरी स्वतःची वेळ. गिरणीतून थेट मैदानावर, हा लँकेशायर आणि मिडलँड्सच्या शहरांचा आठवड्याचा शिरस्ता झाला. १८८५मध्ये खेळाडूंना पैसे देणे अधिकृतपणे मान्य झाले आणि ते पैसे दारावरूनच यायचे. १८८८ साली १२ क्लबांनी फुटबॉल लीग स्थापन केली. ते सर्व याच दोन औद्योगिक टापूंतले. लंडनचा त्यांत एकही नाही.

त्या काळची एक गोष्ट मला फार आवडते. अनेक क्लब स्त्रियांना फुकट प्रवेश देत. बायका आल्या की पुरुष जरा सभ्यपणे वागतील, असा व्यवस्थापकांचा होरा. १८८५च्या ईस्टर सोमवारी प्रेस्टन नॉर्थ एंडच्या सामन्याला सुमारे दोन हजार स्त्रिया आल्या, आणि क्लबाने ही फुकट प्रवेशाची चाल तिथेच बंद करून टाकली. खेळ पाहायला बायका एवढ्या संख्येने येतील, हे त्या सभ्य गृहस्थांच्या ध्यानातच आले नव्हते. शतकाच्या अखेरीपर्यंत इतर क्लबांनीही तेच केले.

१८९० साली लीगने किमान प्रवेशशुल्क ठरवून दिले: सहा पेनी. कोणत्याही क्लबाने याहून स्वस्त तिकीट विकायचे नाही. वरकरणी हा नियम गरिबांच्या विरोधातला वाटतो आणि काही अंशी तो तसा होताही. सगळ्यात हलाखीतला मजूर त्यामुळे दाराबाहेरच राहिला. पण त्याची दुसरी बाजूही आहे. शेजारच्या मोठ्या क्लबाने दर पाडून लहान क्लबाचे गिऱ्हाईक पळवू नये, ही सोय त्यात होती. आरंभीच्या वर्षांत यजमानाने पाहुण्या संघाला १२ पौंडांची ठरावीक रक्कम द्यायची. पहिल्या महायुद्धानंतर दाराच्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सा पाहुण्यांना देण्याचा नियम आला. मोठ्या शहरात जमलेल्या गर्दीतला वाटा अशा रीतीने गिरणीगावच्या लहान क्लबाच्या पेटीत पडत असे. हा नियम १९८३ साली मोडीत निघाला आणि त्यानंतर मोठ्या-लहानांतले अंतर किती झपाट्याने वाढले, हे फुटबॉल पाहणाऱ्यांना सांगायला नको.

आता १८९० हे साल क्षणभर धरून ठेवा. ज्या वर्षी इंग्लंडात सहा पेनीचा नियम झाला, त्याच वर्षी, १० जून १८९० रोजी, मुंबईच्या गिरणीकामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली. ती मिळवली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. 'दीनबंधु'चे संपादक, जोतीराव फुल्यांचे सहकारी, १८८४ साली 'बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन' उभारणारे हे गृहस्थ. लोखंड्यांच्या मागणीत विश्रांती होती, जेजुरीचा खंडोबा होता, समाजाच्या कामासाठी मोकळा दिवस होता; खेळाचे तिकीट अर्थातच नव्हते. पण कामगाराच्या आठवड्यात एक दिवस त्याचा स्वतःचा असावा, आणि तो सगळ्यांना एकत्र मिळावा, ही गोष्ट त्यातून प्रस्थापित झाली. प्रेक्षक नावाचा समूह घडतो तो अशा एकत्र सुटीतून. हजार माणसांना हजार वेगवेगळ्या दिवशी सुटी असेल तर सुटी मिळते, गर्दी जमत नाही.

आणि इथे मला माझ्या गावाकडे यावे लागते. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आले, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आकुर्डीला बजाज, पुढे टेल्को, आणि त्यांच्या भोवती सुटे भाग करणाऱ्या शेकडो लहान कारखान्यांचे जाळे. लँकेशायरशी तुलना करावी असाच हा पट्टा. फक्त एक फरक: इथे अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. विजेचा भार आठवडाभर वाटला जावा म्हणून औद्योगिक विभागांच्या सुट्या वेगवेगळ्या वारी ठेवण्याची ही पद्धत. त्यातून तीन पाळ्या. बायकोची सुटी रविवारी, मुलांची शाळा शनिवारी सकाळी, नवऱ्याची सुटी गुरुवारी, आणि त्यातही दुसरी पाळी असली तर बाकीच्या दिवशी तो मध्यरात्रीपर्यंत यंत्रावर. आमच्या घरात चार माणसे एकत्र जेवायला बसणे हाच मुळात एक योग असे.

आता त्याच घराने २०१४च्या लीगचे वेळापत्रक पाहिले. सामन्यांचे वार आणि वेळा दूरचित्रवाणीच्या सोयीने ठरलेल्या. कधी बुधवार, कधी शनिवार, कधी मंगळवार. संपूर्ण स्पर्धा १२ ऑक्टोबर ते २० डिसेंबर, साखळीतले घरचे सामने सात. उरलेले साडेनऊ महिने क्लब नावाची वस्तू शहरात कुठे दिसतच नसे. ना त्याचे क्रीडांगण, ना कार्यालय, ना कट्टा. तिकिटाच्या छापील किमतीत वाकडचा ट्राफिक, बुडालेली पाळी किंवा घेतलेली रजा, आणि रात्री दहाला परतताना बसची वाट पाहणे हे सगळे मिळवले, तर आमच्या घरासाठी त्या तिकिटाची खरी किंमत बाहेर येते. ही किंमत क्लबाच्या मालकाला मोजावी लागत नव्हती, म्हणून ती कमी करण्याची निकडही कोणाला वाटली नाही. दाराच्या पैशावर जगणाऱ्या क्लबाने पहिल्याच हंगामात विचारले असते, 'या पट्ट्यातल्या लोकांना सुटी कधी असते?'

महाराष्ट्राच्या फुटबॉलला दाराच्या पैशाची गरज कधी पडलीच नाही, हेही याच गोष्टीचे जुने मूळ. कलकत्त्यात तिकिटाला काय अर्थ होता ते १९११ साली दिसले. २९ जुलैला मोहन बागान आणि ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट यांच्यात आयएफए शिल्डचा अंतिम सामना. खास आगगाड्या सोडाव्या लागल्या, दोन रुपयांचे तिकीट पंधराला विकले गेल्याचे सांगतात, आणि ज्यांना मैदान दिसतच नव्हते त्यांना गोलसंख्या कळावी म्हणून पतंग उडवले गेले. मुंबईकडे रोव्हर्स कप होता, १८९१ पासूनचा, आणि कूपरेजवर त्याचे अंतिम सामने गाजतही. पण मुंबईचे मोठे संघ बहुतेक खात्यांचे आणि कंपन्यांचे: रेल्वे, टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र. खेळाडूला कंपनीत नोकरी, पगार कंपनीचा, निवृत्तीनंतरही पोट भरलेले. खेळाडूंच्या दृष्टीने ही व्यवस्था फार चांगली होती. तिला उगाच नावे ठेवू नयेत. पण मैदानात शंभर माणसे आली काय आणि दहा हजार आली काय, संघाला फरक पडत नव्हता. २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड २०१० साली कंपनीच्या निर्णयाने बंद झाला. बालेवाडीचे क्लब नव्या थाटाचे, मूळ ठेवण मात्र तीच: वर एक कंपनी, खाली एक संघ, आणि प्रेक्षक पाहुण्यासारखे.

राहता राहिला तो मूळ आरोप, मराठी माणूस तिकीट काढत नाही हा. किर्लोस्कर मंडळीने १८८०मध्ये पुण्यात 'शाकुंतल' रंगवले तेव्हापासून निदान अर्धे शतक मराठी नाटक कंपन्यांची बिऱ्हाडे तिकीटबारीवर चालली. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी 'संयुक्त मानापमान' केले, तेव्हा चढ्या दराची तिकिटे काढायला लोक तुटून पडले होते. कुस्तीच्या मैदानांचेही तेच. आपण तिकीट काढणारे लोक आहोत. (पास मागणारेही आहोत, ते वेगळ्या धाग्यात.)

माझ्या सुटीच्या सिद्धान्ताला तडा देणारे एक उदाहरण इथे प्रामाणिकपणे द्यायला हवे. १ जून २०१८, अंधेरीचे मैदान, भारत विरुद्ध चिनी तैपेई. भारत ५-० जिंकला, छेत्रीचे तीन गोल, आणि अधिकृत प्रेक्षकसंख्या २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने हात जोडून एक चित्रफीत प्रसृत केली: या, आम्हाला शिव्या द्या, पण मैदानात या. ४ जूनला केनियाविरुद्ध, त्याच्या शंभराव्या सामन्याला, भर पावसात तेच मैदान गच्च भरले. मैदान तेच, शहर तेच. आधीचा सामना शुक्रवारी होता आणि नंतरचा सोमवारी, म्हणजे वार उलट अधिक गैरसोयीचा! मग बदलले काय? कोणीतरी लोकांना सांगितले की तुमच्या येण्याने आम्हाला फरक पडतो. हे आवाहन दर आठवड्याला करता येत नाही, हेही खरे. ज्याला दर आठवड्याला गर्दी हवी त्याला ही गोष्ट न सांगता कळावी लागते. ती कशी कळते, हे पाहायला मी कोल्हापूरला गेले.

कोल्हापूरचा फुटबॉल तालमींचा आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. ही नावे वाचताच लक्षात येते की यांतल्या बऱ्याच संस्था फुटबॉलसाठी जन्मलेल्याच नाहीत. तालीम म्हणजे पेठेतला कुस्तीचा आखाडा. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबागचे मैदान उभे केले, आणि पेठोपेठी तालमींना तेज आले. संस्थानी काळातच फुटबॉल इथे रुजला. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. तालमीने गणपती बसवावा, मल्ल घडवावेत, पेठेतल्या मयतीला माणसे उभी करावीत आणि फुटबॉलचा संघही उतरवावा. शिवाजी पेठेतल्या पोराला शिवाजी तरुण मंडळ आणि मंगळवार पेठेतल्या पोराला पाटाकडील हा क्लब निवडावा लागत नाही. तो जन्मतःच पदरात पडतो. मालक विकून जाऊ शकेल अशी ती वस्तूच नव्हे.

थंडी पडली की शाहू स्टेडियमवर हंगाम सुरू होतो आणि पावसाच्या तोंडापर्यंत चालतो. आधी साखळी, मग एकामागून एक चषक. काही दहा रुपयांचे तिकीट, आणि मोठ्या लढतीला हजारोंची गर्दी. राष्ट्रीय पातळीवर ज्यांचे नाव कोणी ऐकलेले नाही अशा संघांसाठी. मैदान गावाच्या मध्यात; माणसे पेठेतून चालत येतात, दुकान मुलाकडे सोपवून येतात. वाकडचा पूल मध्ये येत नाही.

कोल्हापूरला स्वर्ग ठरवण्याचा माझा विचार नाही. तिथे दगडफेक होते, सामने मध्येच थांबतात, मोठ्या लढतीला पोलीस बंदोबस्ताशिवाय भागत नाही. सतेज चषक, चंद्रकांत चषक, अटल चषक ही नावे पाहिली की पुढाऱ्यांचा वरदहस्तही दिसतो. क्लबांचा खर्च वर्गणी आणि देणगीदारांवर चालतो आणि देणगीदाराला काहीतरी हवे असते. बाहेरून, अगदी आफ्रिकेतून, खेळाडू आणण्याच्या चढाओढीत तालमींचे हिशेब ताणले जातात. शिवाय पेठेच्या निष्ठेवर भरलेले मैदान पेठेबाहेर बघत नाही. त्यामुळे एवढी गर्दी असूनही देशाच्या वरच्या लीगमध्ये कोल्हापूरचा क्लब नाही. गुणी मुलाला वर जायचे तर गाव सोडावे लागते. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. तो घडला पुण्यात, आधी क्रीडा प्रबोधिनीत आणि मग पुणे एफसीच्या अकादमीत. ज्या क्लबाला पुण्यात पेठ मिळाली नाही, त्याने कोल्हापूरच्या पोराला दार उघडून दिले. पुणे एफसीचा मुख्य संघ बंद झाल्यावर ती अकादमी २०१६ साली एफसी पुणे सिटीने घेतली, आणि तीन वर्षांनी तोही क्लब राहिला नाही.

शाहू स्टेडियमवर मी तिकीट काढून बसले तेव्हा शेजारी सत्तरीच्या घरातले एक आजोबा होते. डोक्यावर टोपी, हातात शेंगांची पुडी. माझ्याकडे एकवार पाहून त्यांनी विचारले,

"कुठल्या पेठेची गं तू?"

"थेरगावची, आजोबा. पुण्याकडची."

"थेरगावात तालीम कुठली हाय? कुणाची टीम?"

मी बालेवाडीचे सांगू लागले, तीन क्लब कसे आले, कसे गेले. त्यांनी दोन वाक्ये ऐकून घेतली, पुडी माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "मग आज आमच्या बाजूनं वरड." तेवढ्यात पंचाने शिट्टी फुंकली आणि पुढची पंचेचाळीस मिनिटे ते माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत.